नजरेचा माग घेणारी उपकरणे आणि ती डोक्यावर वागवण्याचा जाच

नजर कुठे जाते हे नोंदवणारे उपकरण डोक्यावर चढवले की थोड्याच वेळात कपाळावर पट्टा रुतू लागतो, ही तक्रार आजही ऐकू येते; मात्र या जाचाची सुरुवात डोक्यापासून नव्हे, थेट डोळ्यापासून झाली.

1898 च्या सुमारास अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात एडमंड ह्यूई यांनी वाचणाऱ्याच्या डोळ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची, पाहण्यापुरते छिद्र ठेवलेली वाटी बसवली आणि तिला जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या काडीने काजळी धरलेल्या कागदावर डोळ्याच्या हालचाली उमटवल्या. डोळा बधिर करण्यासाठी कोकेन वापरावे लागे, यावरून त्रासाची कल्पना यावी. 1901 मध्ये डॉज आणि क्लाइन यांनी बुबुळावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे छायाचित्रण सुरू केले आणि डोळ्याची सुटका झाली. पण डोके तसूभरही हलता कामा नये म्हणून पुढे अनेक प्रयोगशाळांत दातांचा ठसा उमटवलेली पट्टी चावून बसण्याची पद्धत रूढ झाली.

1948 मध्ये हार्ट्रिज आणि थॉम्पसन यांनी उपकरणच डोक्यावर बसवले. मान मोकळी झाली, भार मात्र वाढला. खरी अडचण भाराहूनही पट्ट्याची होती. कॅमेरा आणि डोळा यांचे परस्परस्थान सुरुवातीच्या जुळवणीत ठरते आणि उपकरण थोडे जरी घसरले तरी नजरेचा बिंदू चुकीच्या जागी दिसतो. साहजिकच संशोधक पट्टा आवळतो, आणि आवळलेला पट्टा सहन न होऊन माणूस तो हाताने सरकवतो, म्हणजे जुळवणी पुन्हा करणे आले. आरामाला दुय्यम मानणाऱ्यांनी हे चक्र लक्षात घेतलेले दिसत नाही. ‘आयलिंक 2’ या प्रयोगशाळांत बराच काळ वापरल्या गेलेल्या उपकरणाचा शिरोपट्टा सुमारे 420 ग्रॅमचा होता.

2014 मध्ये आलेल्या ‘टोबी ग्लासेस 2’ या चष्म्याचे वजन अवघे 45 ग्रॅम होते, कारण नोंदणीचा भाग वायरने जोडून कमरेला लावला जाई. भार कपाळावरून नाकावर आला. ज्यांना मुळातच चष्मा आहे त्यांना एकावर एक दोन चौकटी घालणे जमत नाही, म्हणून नंबराच्या वेगळ्या भिंगांची सोय करावी लागली. डोळ्याचे त्रिमितीय प्रारूप बांधून घसरणीची दुरुस्ती गणिताने करण्याच्या पद्धती आल्यानंतरच चौकट थोडी सैल ठेवणे परवडू लागले.