टोमॅटो सॉसचा आंबटपणा आणि ‘ॲसिडिटी’ या शब्दानं घातलेला घोळ

कोकणात आंबटाची वाण कधीच नव्हती, आमसूल, चिंच, कैरी, बिंबलं सगळं दारातच, त्यामुळे टोमॅटो आपल्याकडे उशिराच रुळला. मिरची-काजूसारखा तोही पोर्तुगीजांच्या वाटेनं आला असं मानतात. जुनी माणसं त्याला वेलवांगं, बेलवांगं म्हणायची आणि ते बरोबरच होतं, वांग्याच्याच कुळातला आहे तो. आंबटाला सांभाळायचं कसं हे मात्र त्याच्या आधीपासून घरोघरी ठाऊक होतं. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की आमसुलाचं सार कळकायचं, म्हणून वाडीत कल्हईवाला आला की साराचं पातेलं पहिलं बाहेर निघायचं. सार जास्त आंबट झालं तर गुळाचा खडा, नाहीतर नारळाचा रस.

खरा घोळ पुढे एका शब्दानं झाला. इंग्रजीत पदार्थाच्या आंबटपणाला आणि पोटातल्या जळजळीला एकच शब्द चालतो, ॲसिडिटी. मराठीत तो आला तो फक्त पोटाचा म्हणून आला, डॉक्टरकडून आणि गोळ्यांच्या जाहिरातींतून. आपल्याकडे ‘मला ॲसिडिटी झालीय’ म्हणजे पित्त, दुसरं काही नाही. मग पाककृतीत ‘सॉसची ॲसिडिटी कमी करा’ असं वाचलं की वाचणाऱ्याला वाटतं हा सॉस पोटाला बाधतो म्हणून कमी करायचं, आणि तिथून सगळी गाडी चुकीच्या रुळावर जाते. टोमॅटोनं काहींना जळजळ होते हे खरं आहे, त्यांनी तो बेतानंच खावा. पण जिभेला आंबट ते पित्ताला वाईट असं सरळ गणित असतं तर आपण पित्तावर कोकम सरबत प्यायलोच नसतो, अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावलं नसतं. आजही लावतात. पदार्थासाठी ‘आम्लता’ हा चांगला शब्द आहे पण तो शाळेच्या पुस्तकातच राहिला, स्वयंपाकघरात आलाच नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

आम्लता आकड्यात मोजायची सोय त्यामानानं अलीकडची. पीएच हे तिचं माप १९०९ साली कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत निघालं. आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट. टोमॅटो साधारण ४.१ ते ४.६ मध्ये बसतो. आता हा ४.६ फार महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या वर गेलं की बंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष करणारा जंतू वाढू शकतो. म्हणजे बाटलीतल्या सॉसचं आम्ल हा दोष नाहीये, ती राखण आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॉसमध्ये बेंझोएट हे टिकवायचं रसायन घालावं की नको यावर मोठा वाद झाला, तेव्हा ते सोडून देणाऱ्यांनी पिकलेले टोमॅटो घेतले आणि व्हिनेगर, साखर दोन्ही वाढवलं, आज वड्याबरोबर मिळणारी गोड-आंबट चव तिथली आहे. आपल्याकडेही नियमात सॉसला कमीत कमी १ टक्का आम्ल (ॲसिटिक ॲसिडच्या हिशोबात) लागतं. कमीत कमी, जास्तीत जास्त नाही!

आमच्या गुहागरकडच्या एका बचत गटानं, नाव घेत नाही, आगळाबरोबर (कोकमाचा घट्ट रस) सॉसही करायला घेतला तेव्हा गिऱ्हाइकं विचारायची ‘ॲसिडिटी होणार नाही ना?’ म्हणून त्यांनी एका घाण्यात खायचा सोडा टाकला. आम्ल मेलं, राखण गेली, आणि आठवडाभरात झाकणं फुगली. उघडली तर आतून फसफस आणि ताडीसारखा वास, सगळा माल ओतून द्यावा लागला. आता गटातल्या बायका पीएच दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या बुडवून बघतात, ४ च्या खाली आल्याशिवाय भरत नाहीत, आणि व्हिनेगर शेवटी घालतात कारण आधीपासून उकळलं की ते वाफेबरोबर उडून जातं.

होमस्टेमध्ये पास्ता करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, त्यांचा सॉस त्याच दिवशी संपतो. आपल्याकडे टोमॅटो कुंभार्ली घाटातून ट्रकनं येतो, प्रवासात टिकावा म्हणून कच्चट तोडलेला, आणि रंग धरायला लागतो तेव्हाच त्याच्यात आम्ल सगळ्यात जास्त असतं. तो दोन-तीन दिवस टोपलीत पसरून लालभडक होऊ द्यावा, निम्मं काम तिथेच होतं. जास्त वेळ आटवला की आंबटपणा मरतो असं म्हणतात ते चूक, पाणी उडतं आणि आम्ल दाट होतं. साखर घातली की आंबट लपतं, आम्ल जागच्या जागीच असतं. सोडा मात्र आम्लाला खरंच मारतो, किलोभर टोमॅटोच्या रसात चिमूटभर टाकला की गुलाबी फेस सर्रकन कडेपर्यंत चढतो, तो बसू द्यायचा, चाखायचं, मगच पुढची चिमूट, पाव चमच्याच्या वर गेलात की साबणाची चव येते. मी स्वतः सोड्याच्या आधी परतलेला कांदा आणि गॅस बंद करून अर्धी वाटी नारळाचा दाट रस घालते. नंतर उकळायचं नाही, रस फुटतो.