समस्याधारित वैद्यकीय शिक्षण (पदवीधरांसाठी)

समस्याधारित वैद्यकीय शिक्षण ही रुग्णाच्या तक्रारीपासून आरंभ करून शरीररचना, शरीरक्रिया, विकृती आणि औषधे या विषयांपर्यंत पोहोचणारी अध्यापनपद्धती होय. रूढ क्रमात विद्यार्थी आधी विषय शिकतो व रुग्ण नंतर पाहतो. या पद्धतीत आठ-दहा जणांच्या गटापुढे प्रथम रुग्णाची हकीकत येते आणि ती उलगडण्यासाठी आपल्याला काय ठाऊक नाही, हे गटालाच ठरवावे लागते. फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी अशा शाखांची पदवी घेऊन मग डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांच्या बाबतीत या पद्धतीला विशेष अर्थ प्राप्त होतो, कारण ते वर्गात कोऱ्या पाटीने येत नाहीत.

पद्धतीचा उगम कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात झाला. तेथील वैद्यकीय शाळेची पहिली तुकडी १९६९ मध्ये सुरू झाली व जॉन इव्हान्स हे तिचे संस्थापक अधिष्ठाता होते. पुढे नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे चर्चेच्या सात पायऱ्या निश्चित करण्यात आल्या. पदवीधर प्रवेशाशी या पद्धतीची सांगड ऑस्ट्रेलियात ठळकपणे घातली गेली: फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९६ मध्ये, तर सिडनी व क्वीन्सलँड विद्यापीठांनी १९९७ मध्ये पदवीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. लंडनच्या सेंट जॉर्जेस येथे २००० साली सुरू झालेला पदवीधर अभ्यासक्रमही याच धर्तीचा होता.

पद्धतीचे मर्म एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी सत्तावीस वर्षांची, पाच महिन्यांची गरोदर मराठी स्त्री सासूबाईंबरोबर रुग्णालयात येते आणि सांगते, ‘जिना चढले की धाप लागते, रात्री उशाला दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही.’ गटाला पहिल्या कागदावर एवढेच मिळते. बहुतेकांच्या मनात प्रथम रक्तक्षय येतो, आणि आपल्याकडील गरोदर स्त्रियांत तो इतका आढळतो की ही शंका गैरही नाही. परंतु नर्सिंगची पदवीधर विद्यार्थिनी दोन उशांवर बोट ठेवते: आडवे झाल्यावर वाढणारी धाप केवळ रक्त कमी असल्याने का यावी? फिजिओथेरपीचा पदवीधर श्वसनाच्या स्नायूंकडे व वाढत्या गर्भाने वर ढकलल्या गेलेल्या श्वासपटलाकडे लक्ष वेधतो. मार्गदर्शक उत्तर देत नाही. तो फक्त विचारतो की यांपैकी कोणते स्पष्टीकरण कोणत्या तपासणीने टिकेल किंवा पडेल. दुसऱ्या कागदावर सासूबाईंचे वाक्य असते: ‘हिच्या लहानपणी घसा दुखून ताप आला होता, मग सांधे धरले होते, असं हिच्या आईनं सांगितलं होतं.’

येथून चर्चेची दिशा बदलते. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी होणारा ऱ्हुमॅटिक ताप हृदयाच्या झडपांना इजा करू शकतो. आकुंचित झालेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप) वर्षानुवर्षे मुकी राहते, आणि गरोदरपणात रक्ताचे आकारमान चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढले की तीच झडप फुप्फुसांत रक्त तुंबवते. गट आपले प्रश्न लिहून उठतो: झडपेतील दाबाचा फरक कसा मोजतात, नाडीचा वेग वाढल्यास धाप का वाढते, गर्भाला कोणती औषधे चालतात. दोन-तीन दिवसांच्या स्वतंत्र वाचनानंतर तो पुन्हा भरतो आणि जो तो आपला शोध इतरांच्या प्रश्नांना तोंड देत मांडतो. सासूबाईंचे ‘सांधे धरले होते’ हे शब्द कागदावर जसेच्या तसे असणे अत्यंत महत्त्वाचे आहे; त्यांच्या जागी रोगाचे नाव छापले तर शिकण्याजोगे सारे नाहीसे होते. बडोद्यात तर हीच तक्रार शेजारीण ‘श्वास चढे छे’ अशी गुजरातीत सांगेल, आणि डॉक्टरला दोन्ही बोल्या ओळखता याव्या लागतील.

आधीच्या ज्ञानाला जाग आणल्यास नवे ज्ञान त्यावर अधिक घट्ट बसते, हा या पद्धतीचा मानसशास्त्रीय आधार आहे. पदवीधरांचे बळ त्यातच आहे, आणि धोकाही. फार्मसीचा पदवीधर औषधाकडे लवकर धावतो, फिजिओथेरपीचा हालचालीकडे. जुन्या व्यवसायाची दृष्टी निदानाआड येते. गटात निरनिराळ्या शाखांचे लोक असावेत, हा आग्रह म्हणूनच योग्य वाटतो.

भारतात पदवीधरांसाठी निराळा, आखूड अभ्यासक्रम नाही. आरोग्यविज्ञानाच्या पदवीधरालाही नीट ही प्रवेशपरीक्षा देऊन साडेचार वर्षांचा एमबीबीएस व एक वर्षाची इंटर्नशिप पहिल्यापासून करावी लागते. सर सयाजीराव जनरल रुग्णालयाशी जोडलेले, १९४९ मध्ये स्थापन झालेले बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय याच राष्ट्रीय चौकटीत येते. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने पहिल्या वर्षापासून रुग्णदर्शन, विषयांचे एकत्रीकरण आणि स्वयंअध्ययनाचे तास आणले. हे समस्याधारित शिक्षण नव्हे, पण त्याची काही अंगे त्यात उतरली आहेत.

पद्धतीवरील आक्षेप गंभीर आहेत. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यांत विद्यार्थ्यांचे समाधान व रुग्णविषयक कामगिरी यांबाबत कौल अनुकूल होता, मात्र मूलभूत विषयांच्या परीक्षांत हे विद्यार्थी काही ठिकाणी मागे पडलेले दिसले. शरीररचनेसारखा विषय तुकड्यातुकड्यांनी शिकल्याने सलग चित्र उभे राहत नाही, ही तक्रार पदवीधरांपेक्षा बारावीनंतर आलेल्यांना अधिक लागू पडते. मनुष्यबळाचा प्रश्न त्याहून अवघड आहे: २५० विद्यार्थ्यांच्या वर्गाचे आठ-आठांचे गट पाडले, तर एका तासाला एकतीसहून अधिक मार्गदर्शक लागतात, आणि त्यांतील प्रत्येकाला उत्तर माहीत असूनही ते न सांगण्याचे शिक्षण आधी द्यावे लागते.