जोडणी सुरक्षित आणि वेबसाईट सुरक्षित: गल्लत कुठे होते?

वेबसाईट चालवणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "सर्टिफिकेट बसवलंय, आता हॅक व्हायची भीती नाही." दुसरं, "आमच्या साईटवर नुसती माहिती आहे, लॉगिन नाही की पैशांचे व्यवहार नाहीत, मग सर्टिफिकेट कशाला?" पहिलं वाक्य एचटीटीपीएसकडून (म्हणजे सर्टिफिकेट बसवल्यावर मिळणाऱ्या सुरक्षित जोडणीकडून) भलतीच अपेक्षा ठेवतं, दुसरं त्याची गरजच झटकून टाकतं. पण दोन्हींच्या मुळाशी गल्लत एकच आहे: सुरक्षित जोडणी आणि सुरक्षित वेबसाईट या दोन वेगळ्या गोष्टी एकच धरल्या जातात.

जोडणी म्हणजे वाचकाचा ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर यांच्यामधला प्रवास. या प्रवासात वाय-फायचा राउटर, इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि पुढची कितीतरी यंत्रं लागतात. साध्या एचटीटीपीवर, म्हणजे सर्टिफिकेट नसलेल्या जोडणीवर, यांपैकी प्रत्येकाला मजकूर उघडा दिसतो. लॉगिनच्या पानावर पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपके उमटतात, त्यामुळे तो झाकला गेला असं वाटतं. पण ते ठिपके फक्त शेजारी बसलेल्या माणसासाठी असतात. बटण दाबलं की तोच पासवर्ड अक्षरन्‌अक्षर वाचता येईल अशा रूपात बाहेर पडतो.

एचटीटीपीएसमध्ये टीएलएस नावाची व्यवस्था तीन कामं करते. मजकूर एन्क्रिप्ट करते (म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असा करते), वाटेत त्यात कोणी फेरफार केला तर तो पकडते आणि समोरचा सर्व्हर खरोखर त्याच डोमेनचा आहे याची सर्टिफिकेटवरून खात्री करते. लोकांना पहिलं काम माहीत असतं. माझ्या मते दुसरं तितकंच मोलाचं आहे, आणि "नुसती माहिती" देणाऱ्यांसाठी तर सगळ्यात मोलाचं.

मार्च २०१५ मध्ये गिटहब या प्रोग्रामरच्या कोड साठवणाऱ्या साईटवर प्रचंड हल्ला झाला. चिनी कंपनी बायडूच्या जाहिराती आणि वाचकसंख्या मोजणाऱ्या स्क्रिप्ट असंख्य वेबसाईटवर लावलेल्या होत्या आणि त्या साध्या एचटीटीपीवरून जात. चीनच्या नेटवर्कमध्ये वाटेतच काही स्क्रिप्ट बदलून त्यांच्या जागी हल्ल्याचा कोड घातला गेला. चीनबाहेरचे वाचक नेहमीसारखं एखादं पान उघडत होते आणि त्यांच्या नकळत त्यांचाच ब्राउझर गिटहबवर विनंत्यांचा मारा करत होता. टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबच्या संशोधकांनी या यंत्रणेला 'ग्रेट कॅनन' असं नाव दिलं. इथे ती पानं चालवणाऱ्यांचा सर्व्हर कोणी फोडला नव्हता. त्यांच्या पानावर पासवर्डची चौकट असो वा नसो, काही फरक पडला नसता. एन्क्रिप्ट न केलेलं कोणतंही पान वाटेत असं बदलता येतं: त्यात जाहिरात घुसवता येते, संपर्काचा फोन नंबर बदलता येतो, डाउनलोडची लिंक भलतीकडे वळवता येते. वाचकाला ते तुमचंच पान वाटतं, कारण वर पत्ता तुमचाच असतो.

आता दुसरी बाजू. सुरक्षित वेबसाईट म्हणजे सर्व्हरवर काय अवस्था आहे ते. अपडेट न केलेलं प्लगिन, अ‍ॅडमिनचा सोपा पासवर्ड, सगळ्यांना उघडता येईल अशा फोल्डरमध्ये विसरलेला बॅकअप, डेटाबेसमध्ये जसेच्या तसे साठवलेले पासवर्ड. यांपैकी कशालाही एचटीटीपीएस हात लावत नाही. हल्लेखोराची विनंतीही त्याच एन्क्रिप्ट केलेल्या वाटेने सुखरूप पोहोचते. शिवाय साधं सर्टिफिकेट फक्त डोमेन कोणाच्या ताब्यात आहे एवढंच तपासतं, त्या माणसाची नियत नाही. म्हणून फसवणुकीच्या साईटनाही ते मिळतं. कुलूप दिसलं की लोक साईटवरच विश्वास टाकतात हे लक्षात आल्यावर क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप काढून तिथे सेटिंगचं साधं चिन्ह आणलं.

खर्चाची सबब कधीच संपली आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा डिसेंबर २०१५ पासून सगळ्यांना मोफत सर्टिफिकेट देते आणि बहुतेक होस्टिंगमध्ये ते एका बटणावर बसतं. वेगाचंही तेच. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मुळे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सुरुवातीची बोलणी एकाच फेरीत आटोपतात, आणि एचटीटीपी/२ ही एचटीटीपीची वेगवान आवृत्ती तर प्रमुख ब्राउझर एन्क्रिप्टेड जोडणीवरच वापरतात. जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक एचटीटीपी पानावर 'नॉट सिक्युअर' असा शिक्का मारतो.

मात्र अर्धवट काम करू नका. पूर्वी अनेक साईट फक्त लॉगिनचं पान एन्क्रिप्ट करत. २०१० मध्ये फायरशीप नावाच्या फायरफॉक्सच्या एक्स्टेन्शनने त्याची किंमत दाखवून दिली: उघड्या वाय-फायवर इतरांच्या लॉगिनची कुकी (लॉगिन झाल्याची खूण म्हणून ब्राउझर दर वेळी पाठवतो ती छोटी नोंद) उचलून त्यांच्या खात्यात शिरणं दोन क्लिकचं काम झालं. म्हणून अख्खी साईट एचटीटीपीएसवर न्या. जुन्या पत्त्यांवरून ३०१ रिडायरेक्ट (वाचकाला कायमचं नव्या पत्त्यावर पाठवणारी सूचना) लावा आणि पानातली चित्रं, स्क्रिप्ट कुठे अजून एचटीटीपीवरून येत नाहीत ना, ते बघा. सगळं नीट चालतंय याची खात्री पटली की एचएसटीएस, म्हणजे 'इथे फक्त एचटीटीपीएसनेच ये' ही ब्राउझरला दिलेली सूचना, सुरू करा. त्यामुळे एकदा येऊन गेलेला ब्राउझर पुढच्या वेळी एचटीटीपीचा प्रयत्नच करत नाही. त्याची मुदत मात्र आधी काही मिनिटांचीच ठेवा, कारण ती संपेपर्यंत ब्राउझर मागे फिरत नाही.

आणि सर्टिफिकेटचं नूतनीकरण हाताने करायचं ठेवू नका. सर्टिफिकेटची मुदत संपली की वाचकाला पानाऐवजी भलामोठा इशारा दिसतो आणि तो परत फिरतो. सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटत मार्च २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा बसवतानाच आपोआप नूतनीकरणाची सोय लावा आणि पहिली मुदत संपण्याआधी ते खरंच झालंय का, हे स्वतः उघडून बघा.