निवडणुकीविना सत्ता: नंदन निलेकणी यांची कंपनी, शहर आणि सरकार

२४ ऑगस्ट २०१७. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हे प्रकरण आधारविरोधी याचिकेतून उभे राहिले होते. आणि आधारची उभारणी ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली त्या नंदन निलेकणींना त्याच दिवशी इन्फोसिसने अकार्यकारी अध्यक्ष म्हणून परत बोलावले. योगायोगच, पण त्यांची कारकीर्द कोणत्या दोन टोकांमध्ये ताणली गेली आहे, ते यातून नेमके दिसते.

सुरुवात आपल्याकडचीच. जन्म १९५५ चा, बंगळूरमधला. वडील कापड गिरणीत व्यवस्थापक. शालेय वयाची काही वर्षे धारवाडला काकांच्या घरी गेली. पवईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये बाहेर पडून ते पटनी कॉम्प्युटर्समध्ये लागले, तिथे मुलाखत घेतली ती नारायण मूर्तींनी. १९८१ मध्ये सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली. २००२ ते २००७ निलेकणी तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. हा भाग बहुतेकांना पाठ आहे, त्यामुळे तो इथेच सोडू.

कमी बोलले जाते ते बंगळूरच्या कृतिदलाबद्दल. १९९९ मध्ये मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी 'बंगळूर अजेंडा टास्क फोर्स' नेमला आणि त्याचे अध्यक्षपद निलेकणींना दिले. महापालिका, विकास प्राधिकरण, पाणीपुरवठा मंडळ, वीज कंपनी, बससेवा, दूरध्वनी आणि पोलीस अशा सात यंत्रणांना एका टेबलाशी बसवायचे, हे त्याचे काम. ठरावीक काळाने जाहीर सभा व्हायची. मुख्यमंत्र्यांसमोर आणि नागरिकांसमोर प्रत्येक खात्याचा प्रमुख उभा राहून सांगायचा, काय कबूल केले होते आणि काय झाले. कंपनीने दर तिमाहीला निकाल जाहीर करावेत, तसाच हा रिवाज. फक्त भागधारकांच्या जागी शहर. महापालिकेची हिशेबपद्धत बदलली, घरपट्टीची आकारणी मालकाने स्वतः करायची योजना २००० मध्ये आली आणि वसुली वाढली.

मात्र या दलाला ना स्वतंत्र कायद्याचा आधार होता, ना मतांचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहराचा कारभार लोकनियुक्त महापालिकेकडे द्यायचे ठरवून तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती, आणि इथे नगरसेवकांच्या डोक्यावरून निर्णय होत होते. ही टीका त्या वेळीही झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. २००४ मध्ये कृष्णा यांची सत्ता गेली, तसे दलही विरले. नेमणारा गेला की नेमलेला उरत नाही.

मुंबईचे जुने उदाहरण याच्या अगदी उलट आहे. फिरोजशहा मेहता वर्षानुवर्षे महापालिकेत लढत राहिले, तिच्या कायद्याच्या घडणीत त्यांचा हात होता, आणि १९११ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया निघाली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. आधी शहर, मग संचालक मंडळ. निलेकणींचा प्रवास दुसऱ्या टोकाकडून झाला.

२००९ मध्ये केंद्राने त्यांना आधार राबवणाऱ्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्षपद कॅबिनेट मंत्र्याच्या दर्जासह दिले. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक वाटले गेले. वेग थक्क करणारा होता, पण उणीव बंगळूरचीच: प्राधिकरण सरकारी आदेशावर उभे होते. २०११ च्या डिसेंबरात यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने त्याचे विधेयक नाकारले. कायदा झाला २०१६ मध्ये, तोही दुसऱ्या सरकारच्या काळात, धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेच्या संमतीची गरज न ठेवता. २०१८ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार राखला, पण खासगी कंपन्यांना त्याच्या वापराची मुभा देणारी तरतूद रद्द केली.

एकदाच त्यांनी मते मागितली. २०१४ मध्ये काँग्रेसकडून दक्षिण बंगळूरमधून ते लोकसभेला उभे राहिले आणि भाजपचे अनंत कुमार यांच्याकडून सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी हरले. ज्या शहरासाठी पाच वर्षे राबले, त्याच शहरात.

तीन वर्षांनी इन्फोसिसमध्ये संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यात जुंपली, मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला, आणि मोठ्या फंड व्यवस्थापकांनी पत्र लिहून निलेकणींना मंडळावर आणण्याची मागणी केली. इथे कौल देणारे भागधारक होते, आणि त्यांचा विश्वास आधीपासूनच होता. पुढच्या काही महिन्यांत नवे मुख्याधिकारी नेमले गेले आणि वादळ शमले.

बंगळूरच्या लोकनियुक्त महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षे तिथला कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मुंबई-पुण्याच्या वाचकाला याचे नवल वाटायचे कारण नाही.