कोविड, दाह आणि स्टेरॉइड : एका निर्णयाची पार्श्वभूमी

श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजारात बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात, तर काहींची फुफ्फुसे नेमकी त्याच सुमारास, घशातील विषाणूचे प्रमाण उतरणीला लागलेले असताना, निकामी होऊ लागतात. ही हानी विषाणू करतो की त्याला रोखू पाहणारी प्रतिकारयंत्रणा, हा वाद कोविडच्या कितीतरी आधीचा आहे. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, मुंबई इलाख्यासह जगभर, २० ते ४० या वयातील धडधाकट माणसे मोठ्या संख्येने दगावली आणि त्याचे कारण अतिरेकी प्रतिकारात शोधले गेले; मात्र त्या काळातील जतन केलेल्या फुफ्फुसांच्या नमुन्यांची २००८ साली फेरतपासणी झाली, तेव्हा जवळजवळ सर्वांमध्ये नंतर जडलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाच्या खुणा आढळल्या. अधिक ठोस पुरावा १९६६-६७मध्ये अमेरिकेत मिळाला. आरएसव्ही या लहान मुलांच्या फुफ्फुसांना ग्रासणाऱ्या विषाणूची, फॉर्मॅलिन या रसायनाने निष्क्रिय केलेली लस घेतलेल्या तान्ह्या बाळांना पुढे तोच संसर्ग झाला, तेव्हा एका गटातील सुमारे ८० टक्के बाधित बाळांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि दोन बाळे दगावली. लसीने जागवलेला प्रतिसाद विषाणूला निष्प्रभ करण्याच्या दृष्टीने दुबळा आणि दाह, म्हणजे प्रतिकारामुळे येणारी सूज, वाढवणारा होता.

२०२०मध्ये कोविडच्या रुग्णांना स्टेरॉइड, म्हणजे दाह शमवणारी औषधे, सरसकट न देण्याचा निर्णय समजून घेण्यासाठी २००३कडे वळावे लागते. सार्स या कोरोनाविषाणूमुळेच होणाऱ्या श्वसनविकाराच्या साथीत चीन आणि हाँगकाँगमध्ये हजारो रुग्णांना, अनेकदा मोठ्या मात्रेत, स्टेरॉइड दिली गेली. दाह शमवला तर फुफ्फुस वाचेल, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. परंतु कोणाला, कधी आणि किती द्यायचे हे ठरवणारी पुरेशी मोठी तुलनात्मक चाचणी त्या धामधुमीत झाली नाही. २००६च्या आढाव्यात स्टेरॉइडविषयीचे २९ अभ्यास तपासले गेले. त्यांतील २५ अनिर्णित ठरले आणि चारांमध्ये अपायाची शक्यता दिसली. बरे झालेल्या काही रुग्णांच्या खुब्याचे हाड रक्तपुरवठ्याअभावी झिजले होते. पुढे मर्स या दुसऱ्या कोरोनाविषाणूजन्य आजाराच्या रुग्णांतही स्टेरॉइडमुळे विषाणू शरीरातून जाण्यास उशीर लागतो असे दिसले.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२०मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, चाचणीबाहेर स्टेरॉइडचा सरसकट वापर करू नये, असे सांगितले गेले. या निर्णयावर नंतर कठोर टीका झाली. मार्च ते जून या काळात प्राणवायूवर असलेले असंख्य रुग्ण एका स्वस्त, जुन्या आणि सहज मिळणाऱ्या औषधाला मुकले, हे टीकाकारांचे म्हणणे आकड्यांच्या दृष्टीने खरे आहे. तरीही हाती असलेला पुरावा पाहता सावधगिरी रास्त होती. दोष द्यायचाच, तर तो सार्सच्या काळात न झालेल्या चाचणीला द्यावा लागेल. त्याच महिन्यांत ‘सायटोकाइन स्टॉर्म’ (दाह पेटवणाऱ्या रेणूंचा रक्तातील उद्रेक) हा शब्द वृत्तवाहिन्यांपासून अतिदक्षता विभागापर्यंत सर्वत्र रुळला आणि इंटरल्युकिन-६ हा त्यांपैकी एक रेणू रोखणाऱ्या महागड्या इंजेक्शनांसाठी नातेवाइकांची वणवण सुरू झाली. वास्तविक गंभीर कोविडमधील या रेणूची रक्तातील सरासरी पातळी सेप्सिसमधील (संसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिसादातील) पातळीच्या तुलनेत कितीतरी कमी होती, आणि कर्करोगावरील पेशी-उपचारांनंतर उसळणाऱ्या पातळीच्या तर जवळपास शंभरपट खाली होती. दाह होता, पण तो मुख्यतः फुफ्फुसात आणि तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत होता.

१६ जून २०२० रोजी ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त दहा दिवस, एवढ्याच उपचाराने व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ प्राणवायू लागणाऱ्यांत घट लहान होती, २६.२ वरून २३.३ टक्के. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. उलट औषध घेतलेल्यांत मृत्यू १७.८ टक्के आणि न घेतलेल्यांत १४ टक्के होते, आणि हा फरक योगायोगाचा असू शकत असला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. आजाराच्या पहिल्या दिवसांत प्रतिकार दाबला तर विषाणूला मोकळे रान मिळते. दुसऱ्या आठवड्यात तोच दाबला तर फुफ्फुस वाचू शकते. सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सूचना बदलल्या, पण सौम्य रुग्णांना स्टेरॉइड देऊ नये हा भाग कायम राहिला.

भारतात दुसऱ्या लाटेत हाच भाग हरवला. एप्रिल २०२१च्या गृहविलगीकरणाच्या सूचनांत सौम्य आजारात तोंडाने घ्यावयाची स्टेरॉइड नकोत, असे स्पष्ट लिहिलेले होते. तरीही खाटा मिळत नव्हत्या, म्हणून तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून गोळ्या सुरू करण्याच्या चिठ्ठ्या मोबाइलवरून फिरत राहिल्या. मे महिन्यात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे (‘ब्लॅक फंगस’) रुग्ण वाढले. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये त्यांची संख्या सर्वाधिक होती. त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडगोळी प्रामुख्याने होती, आणि अनेकांचे डोळे व जबडे काढावे लागले. हे टाळता आले असते.

दरम्यान, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्याकडेही लक्ष गेले होते. १९५७ साली लंडनमध्ये शोधलेले इंटरफेरॉन हे शरीरातील प्रथिन विषाणूविरुद्धचे पहिले संरक्षण आहे. २०२०च्या उत्तरार्धात असे दिसले की, जीवघेणा न्यूमोनिया झालेल्या किमान दहा टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्क्रिय करणारी प्रतिपिंडे होती आणि त्यांतील बहुतांश पुरुष होते. संसर्गापूर्वी घेतलेले काही रुग्णांचे नमुने उपलब्ध होते. त्यांतही ती सापडली, म्हणजे ती आजाराचा परिणाम नव्हती. सत्तरीनंतर त्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते, आणि वृद्धांमध्ये कोविड अधिक घातक का ठरला याचा एक भाग त्यातून उलगडतो. रुग्णालयातील रुग्णांना बाहेरून इंटरफेरॉन देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत, बहुधा तोवर त्याची वेळ टळून गेलेली असल्यामुळे. पुढे इन्फ्लुएन्झाच्या अत्यवस्थ रुग्णांपैकी काहींमध्येही तीच प्रतिपिंडे आढळली.