जोडी पात्रांची की कलाकारांची?

मालिकेतली जोडी मनात बसली की पुढचं वाक्य ठरलेलंच असतं : "खऱ्या आयुष्यातही यांचं जमायला हवं होतं." बोलण्याच्या ओघात आपण एका ओढीतून दुसऱ्याच ओढीत शिरलेलो असतो.

पहिली ओढ पात्रांची. २०१२ मध्ये झी मराठीवर सुरू झालेली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आठवा. घरच्यांनी लग्नासाठी लकडा लावलाय, म्हणून राधा आणि घना कराराचं लग्न करतात, पुढे वेगळं व्हायचं ठरवूनच. आपला एकमेकांवर जीव जडतोय हे त्यांच्या ध्यानात यायच्या कितीतरी आधी टीव्हीसमोर बसलेल्या आपल्याला ते दिसत होतं. गुंतायला होतं ते इथेच. जे पात्रांना ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असतं, पण त्यांना सांगायची सोय नसते. मग रोज वाट पाहायची. अशा वेळी नुसती नजरानजरही आठवडाभर पुरते.

अमेरिकेत १९९३ साली सुरू झालेल्या 'द एक्स-फाइल्स'च्या चाहत्यांनी मल्डर आणि स्कली या एफबीआय एजंटांच्या जोडीसाठी अशीच वाट पाहिली, थेट सातव्या सीझनमधल्या चुंबनापर्यंत. 'शिपर', म्हणजे दोन पात्रांचं जमावं म्हणून आस लावून बसलेला चाहता, हा शब्द याच चाहत्यांमध्ये रुळला. मालिकेच्याच चाहत्यांमधल्या 'नोरोमो' गटाला मात्र प्रेमप्रकरण नकोच होतं. मला हा गट फार जवळचा वाटतो. त्यांचाही जीव त्याच जोडीत अडकला होता, फक्त त्या दोघांमधली मैत्री आहे तशीच राहायला हवी होती.

दुसरी ओढ कलाकारांची. तिथे कथा लिहिणारं कुणी नसतं, म्हणून चाहतेच पुरावे जमवत बसतात : मुलाखतीतलं हसणं, सेटवरचा फोटो, वाढदिवसाची पोस्ट. लेखकाने पात्रांची जोडी तोडली तर राग लेखकावर निघतो, आणि तो रास्तच आहे. अभिनेत्रीने दुसऱ्या कुणाशी लग्न केलं की तो तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर निघतो. तिने आपल्याला कधी काही कबूल केलेलं नसतं. हे मला मनापासून खटकतं.

तरी गल्लत होते, कारण चेहरे तेच असतात. राधा आणि घना साकारणारे मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी मालिकेआधी २०१०च्या 'मुंबई-पुणे-मुंबई'त एकत्र दिसले होते. त्या चित्रपटात दोन्ही पात्रांची नावं आपल्याला सांगितलेलीच नाहीत. लक्षात राहिले ते दोन चेहरे आणि त्यांची जुगलबंदी. दोन वर्षांनी राधा आणि घना पडद्यावर आले, तेव्हा ही दोघं कोण हे कळायच्या आधीच आपण त्यांचं लग्न ठरवून बसलो होतो.