गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा आणि खान्देश : एक पार्श्वभूमी

खान्देशात शास्त्रीय संगीताचं मोठं विद्यालय कधी उभं राहिलं नाही. त्याचं कारण लोकांच्या कानात शोधण्यापेक्षा इतिहासाच्या नकाशात शोधावं. बडोद्यात गायकवाडांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय काढलं. लखनौला १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज सुरू झालं. पहिल्या दोन ठिकाणी राजा होता, तिसऱ्या ठिकाणी तालुकदार, म्हणजे तिकडचे बडे जमीनदार, आणि प्रांताचं सरकार. खान्देश मात्र १८१८ पासून थेट इंग्रजांच्या ताब्यात. सातपुड्यातल्या लहानशा मेवासी जहागिऱ्या सोडल्या तर इथे संस्थान नाही, दरबार नाही. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. कलेक्टर आले, जिनिंग-प्रेसिंग आलं, रेल्वे तर त्याआधीच आली होती. गवयाला पदरी ठेवणारं घराणं काही आलं नाही.

फार मागे जायचंच तर चाळीसगावजवळच्या पाटणापर्यंत जाता येतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मठ स्थापला, असं तिथला शिलालेख सांगतो. हा चांगदेव यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेवही त्याच सिंघणाच्या पदरी, डोंगराच्या पलीकडे देवगिरीला. गणिताची पाठशाळा आपल्याकडे आणि संगीताचा ग्रंथ तिकडे, एवढाच त्याचा अर्थ. यावरून ‘खान्देशची प्राचीन संगीत परंपरा’ उभी करण्याचा मोह स्मरणिकांमधून होतो, तो आवरलेला बरा.

शास्त्रीय गाणं इथल्या सामान्य माणसापर्यंत आलं ते नाटकातून. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव ही गावं रेल्वेमार्गावरची, त्यामुळे कंपन्यांना मुक्काम सोयीचा. नारायणराव राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावात राहिले आणि तिथे मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकले. जळगावकर हे आजही अभिमानानं सांगतात. खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, त्यांच्या नावानं संगीत महोत्सवही भरतो. पण त्यामागची साधी बाब फारशी कुणी बोलत नाही. त्या काळी जळगावात शिकायचं तर गावात राहणारे एखादे खाँसाहेब किंवा बुवा शोधायचे आणि त्यांच्या दारात बसायचं, दुसरा मार्ग नव्हता. तो गुरू गाव सोडून गेला की त्या गावातलं गाणं थांबलं.

ही अडचण काही एकट्या खान्देशची नव्हती. तिच्यावरचा तोडगा निघाला तो लाहोरला. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिथे गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाश्रयाशिवाय, वर्गणी आणि फीवर चालणारी, वर्ग, वेळापत्रक आणि परीक्षा असलेली गाण्याची शाळा. कुरुंदवाडचा, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेला शिकलेला माणूस एवढ्या दूर जाऊन शाळा का काढतो, हे पलुस्करांवरच्या कुठल्याही लेखात सापडेल, इथे पुन्हा सांगत नाही. खान्देशाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते पुढचं. १९०८ मध्ये विद्यालय मुंबईला आलं. निवासी शिष्यांचा ‘उपदेशक वर्ग’ चालला. शिष्यांनी अनेक वर्षं राहायचं, शिकायचं आणि मग दुसऱ्या गावी जाऊन शिकवायचं, अशी ती योजना. कर्ज काढून मोठी इमारत बांधली. कर्ज फिटलं नाही आणि १९२० च्या दशकात इमारत लिलावात गेली. ऑगस्ट १९३१ मध्ये पलुस्कर मिरजेला वारले. त्याच वर्षी अहमदाबादेत शिष्य जमले आणि त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं.

या शिष्यांनी पुन्हा एक मोठी इमारत बांधायला घेतली असती तर खान्देशाचा या इतिहासाशी काही संबंध उरला नसता. शिष्य आपापल्या गावी शाळा चालवतच होते. मंडळानं त्या शाळांना एक अभ्यासक्रम आणि एक परीक्षा दिली. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार. प्रारंभिकनंतरच्या प्रत्येक टप्प्याचे दोन भाग. शाळा कुठलीही असो, शिक्षक कुणीही असो, पेपर एकच. गुरू बदलला तरी प्रवेशिका झालेला मुलगा मध्यमेला बसू शकतो, ही सोय शंभर वर्षांपूर्वी कुणाला सुचली नव्हती. बदलीची नोकरी असलेल्या रेल्वेच्या गावाला, म्हणजे भुसावळला, तिचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

इथे ‘गांधर्व’ म्हटलं की लोकांना विद्यालय आठवत नाही, परीक्षा आठवते. ‘तिच्या किती झाल्या?’ असा प्रश्न असतो. त्यात कुठल्या परीक्षा हे सांगावं लागत नाही.

आता ज्या निर्णयावर अजून कुरबुर चालते त्याकडे वळतो. तो म्हणजे नोटेशनचा, स्वरलिपीचा.

पलुस्करांची एक स्वरलिपी, विष्णु नारायण भातखंड्यांची दुसरी. मंडळ पलुस्करांच्या शिष्यांचं, तेव्हा तिथे पलुस्कर पद्धतच चालेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात अभ्यासक्रमात दोन्ही आल्या. लेखी पेपरात दोन्हींची चिन्हं विचारतात, एकीतलं दुसरीत उतरवायला सांगतात. कागदावर हा समजूतदारपणा दिसतो, पण चिन्हं शेजारी ठेवून पाहिली की मुलांचा गोंधळ का होतो ते कळतं.

भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू आला की तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर बिंदू म्हणजे मंद्र, खालच्या सप्तकातला. म्हणजे तोच बिंदू, तीच जागा, आणि स्वर दोन सप्तकं इकडचा तिकडे. तार सप्तकासाठी पलुस्कर डोक्यावर उभी रेघ देतात, तर भातखंडे पद्धतीत हीच उभी रेघ मध्यम स्वरावर आली की तो तीव्र, म्हणजे चढा. शून्य भातखंडे पद्धतीत ‘खाली’चं, म्हणजे तालात टाळी न देण्याच्या जागेचं चिन्ह. पलुस्कर पद्धतीत स्वराखाली शून्य असेल तर तो अर्ध्या मात्रेचा. आणि समेचं, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचं, तर विचारू नका. भातखंडे पद्धतीत सम म्हणजे फुली. पलुस्करांकडे सम ‘१’ आणि खालीला अधिकचं चिन्ह. घाईघाईत काढलेलं अधिक आणि फुली यांत फरक तो किती? तीनतालाचा ठेका लिहिताना नवव्या मात्रेवर, जिथे खाली येते, सम दाखवून आलेली मुलं दर परीक्षेत असतात, आणि तीच मुलं हातानं ताल धरताना कधी चुकत नाहीत.

दोन पद्धती का झाल्या, याचं नेहमीचं उत्तर ‘दोघांचे मतभेद’ असं दिलं जातं. ते अपुरं आहे. पलुस्करांना प्रत्येक स्वर किती वेळ टिकतो हे स्वराखालीच नेमकं दाखवायचं होतं. वर्गात पन्नास मुलं एकदम गाणार असतील तर तशी नेमकी लिपी लागते, आणि त्यांच्या पदरी स्वतःचा छापखानाही होता. भातखंड्यांची गरज निराळी. ते गावोगाव हिंडून जुन्या उस्तादांकडून चिजा, म्हणजे बंदिशी, उतरवून घेत होते. ऐकता ऐकता लिहिता येईल अशी, कमीत कमी चिन्हांची लिपी त्यांना हवी होती. एकाची लिपी फळ्यावरची, दुसऱ्याची वहीतली. छापायला सोपी आणि शिकायला हलकी म्हणून वहीतली जिंकली. भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं मुळात मराठीत निघाली, पुढे हाथरसहून हिंदीत छापली गेली आणि सगळीकडे पोचली.

खान्देशात हा तिढा जास्तच घट्ट बसला, कारण हा भागच तिठ्यावरचा. ताप्तीकाठच्या रेल्वेनं सुरत-बडोदा जवळ, बऱ्हाणपूर-खंडव्यावरून इंदूर जवळ आणि मुख्य लाइननं मुंबई-पुणं. बडोदा-ग्वाल्हेरकडे शिकलेला शिक्षक भातखंडे पद्धत घेऊन येणार, पुण्या-मिरजेकडचा पलुस्कर पद्धत. दोघांच्या वह्या एकाच गावात फिरणार. थोरल्या बहिणीची वही धाकटीनं वापरली आणि मधल्या काळात क्लास बदलला असेल तर मंद्राचा तार झालाच म्हणून समजा.

माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवण्याचा निर्णय हा गुरूचा मान राखण्यासाठी केलेला निर्णय आहे. तसं म्हणायला हरकत नव्हती. पण तो ‘तौलनिक अभ्यास’ या नावाखाली मुलांच्या गळ्यात घातला गेला. पलुस्कर लिपी इतिहास म्हणून विशारदाच्या पुढे शिकवली असती तरी चाललं असतं. पारोळ्याच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं ती पाठ करावी, आणि आयुष्यात कधी त्या लिपीतून एकही चीज वाचू नये, याला शिक्षण म्हणणं अवघड आहे. दुसरी बाजूही आहे. जुनी पुस्तकं, विशेषतः पुण्यातल्या पलुस्कर परंपरेतली, त्या लिपीत आहेत. ती वाचणारे संपले तर त्या बंदिशी कपाटातच राहतील. हे म्हणणारे शिक्षक चुकीचे नाहीत, फक्त त्यांच्यापैकी फार थोडे त्या पुस्तकांतून शिकवतात.

चिजांच्या शब्दांबाबतही अशीच कुरबुर होते, पण तिला इतका दम नाही. घरंदाज मुलींनी गाणं शिकावं म्हणून पलुस्करांनी शृंगाराची पदं वगळली किंवा सौम्य केली, भजनाला मोठं स्थान दिलं. त्यावर सध्या टीका होते. त्या काळी तसं केलं नसतं तर धुळ्या-जळगावच्या वकील-मास्तरांच्या मुली क्लासला गेल्याच नसत्या, हे टीकाकार लक्षात घेत नाहीत. आज इथल्या वर्गांत मुली जास्त आणि शिकवणाऱ्याही बहुतेक बायका, त्याची सुरुवात तिथे आहे.

परीक्षेचा हंगाम वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. हे वेळापत्रक ठरवणाऱ्यानं भुसावळचा मे पाहिला नसावा. पारा ४५ च्या आसपास, त्यात वीज गेलेली. कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणून स्वर चढतो, उष्णतेनं तंबोऱ्याच्या तारा सैल होऊन उतरतात. दोघांचं जमवता जमवता परीक्षकांची सकाळ जाते. पुढे इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि निम्मी कटकट गेली. तबलजी एक, विद्यार्थी ढीगभर, त्यामुळे तबल्याचं मशीनही आलं. शुद्धतावादी काहीही म्हणोत, केंद्र चालवणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

पेटीचंही तसंच. इथला क्लास म्हणजे ‘पेटीचा क्लास’, गळा असो वा नसो. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं. ती बंदी सैल व्हायला तीस वर्षं गेली. जळगावचं आकाशवाणी केंद्र सत्तरच्या दशकात सुरू झालं, म्हणजे सुदैवानं भांडण निवल्यावर. रेडिओच्या स्वरचाचणीला बसता येणं ही तेव्हा विशारद झालेल्यांसाठी मोठी गोष्ट होती. पुण्या-मुंबईला न जाता आपलं गाणं कुणीतरी परकं माणूस तपासतंय, हा अनुभव परीक्षेखेरीज तिथेच मिळे.

महाविद्यालयं तेव्हा पुणे विद्यापीठाखाली. जळगावला वेगळं विद्यापीठ आलं ते १९९० मध्ये. संगीत हा विषय मोजक्या महाविद्यालयांत होता आणि आहे. त्यामुळे गाण्याचं पद्धतशीर शिक्षण म्हणजे मंडळाची परीक्षा हे समीकरण पक्कं राहिलं. त्यात इथलं स्वतःचं गाणं बसलं नाही, तेही नोंदवायला हवं. श्रावणातली कानबाई देवीची गाणी, वहीगायन हा लोकगायनाचा प्रकार यांतल्या कशालाच अभ्यासक्रमात जागा नाही. मंडळाकडून ती अपेक्षाही नव्हती. पण आई कानबाईची गाणी म्हणते आणि मुलगी भूप रागाची सरगम पाठ करते, या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं एकाही वर्गात सांगितलं जात नाही.

२०१७ पासून चित्र पार बदललं. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागले. मान्यता असलेल्या संस्थेच्या किती परीक्षा उत्तीर्ण, त्यावर गुण. नियम नंतर बदलत गेले, तरी क्लासचालकांनी सूत्र लगेच ओळखलं. दहावीच्या आत ठरावीक परीक्षा व्हायला हव्यात, तर उलट मोजून सुरुवात कधी करायची ते ठरवा. मग पालक पहिल्याच दिवशी विचारू लागले, ‘नववीपर्यंत होतील ना?’ प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथमला लेखी पेपर नसतो, म्हणून तिथवर गर्दी फार. त्यानंतर शास्त्र आलं की गळती.

यावरून परीक्षांना नावं ठेवणारे बरेच आहेत. परीक्षेनं गायक घडत नाही, हे वाक्य तर प्रत्येक मुलाखतीत येतं. खरं आहे, घडत नाही. पण हे म्हणणारा बहुधा अशा शहरात राहतो जिथे कुठलाही रविवार मैफलीविना जात नाही आणि चार रस्ते ओलांडले की गुरू मिळतो. शहाद्याला किंवा चोपड्याला परीक्षा काढून घेतली तर मागे काय उरेल, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. तिथे फॉर्म भरायची तारीख आली की क्लास जागा होतो, रियाज वाढतो, बाहेरगावचे परीक्षक येतात, आणि मुलीला पहिल्यांदा कळतं की आपल्या बाईंचा यमन राग आणि जगाचा यमन एकच आहे.

अडचण विशारदानंतर सुरू होते. अलंकारला हवा असलेला गुरू, साथीदार, मैफली ऐकण्याची सवय हे सगळं बाहेर. ज्यांना परवडतं ते पुण्याला जातात. राहतात त्यांच्यातल्या काही जणी घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढतात, नाव नोंदवतात आणि पुढच्या हंगामाला स्वतःचे विद्यार्थी बसवतात. त्यांच्या वहीत भातखंड्यांची लिपी असते, आणि परीक्षेच्या महिनाभर आधी पलुस्करांची चिन्हं फळ्यावर येतात.